महामार्गावरील कामाच्या पट्ट्यात हेडलाइटचा झगझगाट आणि चालकाचे ढळणारे लक्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजच्याच महामार्गावर न टोचणारे हेडलाइट काम सुरू झाल्यावर एकाएकी का टोचू लागतात?

हेडलाइट तेच असतात, बदलतो तो कोन. दुभाजक असलेल्या महामार्गावर समोरून येणारे वाहन एरवी आपल्यापासून बरेच बाजूला असते. कामासाठी एक बाजू पूर्ण बंद करून दोन्ही दिशांची वाहतूक उरलेल्या एकाच बाजूवर आणली की मधले अंतर एका काँक्रीट बॅरियरच्या जाडीइतके उरते आणि समोरचा दिवा जवळजवळ नजरेच्या रेषेत येतो.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. समोरचे वाहन १०० मीटरवर आणि बाजूला १५ मीटर दूर असेल, तर त्याचा दिवा आपल्या सरळ नजरेपासून सुमारे साडेआठ अंशांवर दिसतो. बाजूचे अंतर ४ मीटरवर आले की तोच कोन सुमारे २.३ अंश होतो. डोळ्यात पसरणारा प्रकाश या कोनाच्या वर्गाच्या साधारण व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणून डोळ्यावर पडणारा प्रकाश तेवढाच धरला तरी त्याचा त्रास जवळजवळ १४ पट होतो. म्हणूनच झगझगाटाचा विचार दिव्याच्या तेजापासून सुरू न करता दिवा कोणत्या कोनातून दिसतो आहे, या प्रश्नापासून करावा असे आम्ही सुचवतो. पुढची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीतूनच निघतात.

डोळे दिपतात तेव्हा नेमके काय होते?

डोळ्यातील भिंग आणि त्यामागचा द्रव काचेसारखे संपूर्ण स्वच्छ नसतात. तीव्र प्रकाश आत शिरला की त्याचा काही भाग विखुरतो आणि दृष्टिपटलावरील चित्रावर पांढुरका पडदा पसरल्यासारखे होते. रस्त्यावरील वस्तूंची डोळ्यात उमटणारी प्रतिबिंबे पुसली जात नाहीत, पण त्यांच्यातील उजेड-अंधाराचा फरक इतका कमी होतो की काळ्या कपड्यातील माणूस, रस्त्यावर पडलेला दगड किंवा मार्गिकेची पुसट झालेली रेषा ओळखू येत नाही. झगझगाटाचा हा खरा घातक प्रकार आहे. दुसरा प्रकार केवळ त्रासदायक असतो, म्हणजे डोळे मिटावेसे वाटतात आणि चिडचिड होते, पण दिसणे फारसे कमी होत नाही. हे दोन्ही प्रकार नेहमी सोबत येतातच असे नाही. ज्याला त्रास जाणवत नाही त्याचीही दृष्टी कमी झालेली असू शकते, आणि ही बाब अनेक चालकांना पटत नाही.

वयाचा परिणाम मोठा आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या सूत्रानुसार सत्तरीतील डोळ्यात हा विखुरलेला प्रकाश तरुण डोळ्याच्या सुमारे दुप्पट असतो. शिवाय दिवा निघून गेल्यावर नजर पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात आणि वय वाढते तसे ते सेकंदही वाढतात. त्यामुळे एखादा पट्टा सुरक्षित आहे की नाही, हे पंचविशीतल्या अभियंत्याने रात्री एक फेरी मारून ठरवणे पुरेसे नाही.

हल्लीचे निळसर-पांढरे एलईडी दिवे जास्त दिपवतात का?

ते जास्त टोचतात, हे खरे आहे. निळसर प्रकाश तेवढ्याच तेजाच्या पिवळसर प्रकाशापेक्षा अधिक त्रासदायक वाटतो. परंतु प्रत्यक्ष दिसणे किती कमी होते, हे मुख्यतः डोळ्यावर किती प्रकाश पडतो आणि तो कोणत्या कोनातून येतो यावर ठरते. दिव्याच्या रंगाचा त्यात फारसा वाटा नसतो. कामाच्या पट्ट्याची आखणी करणाऱ्याला येणाऱ्या वाहनांचे दिवे बदलता येत नाहीत. त्याच्या हाती आहे तो कोन आणि आडोसा.

झगझगाट अडवणारे पडदे किती प्रकारचे असतात?

ढोबळमानाने तीन. पहिला अखंड आणि अपारदर्शक, ज्यातून काहीच दिसत नाही. दुसरा ताणलेल्या धातूच्या जाळीचा असतो. त्यातून तिरका प्रकाश आत येत नाही, पण बाजूला मान वळवून पाहिल्यास पलीकडचे दिसते. तिसरा सुट्या उभ्या पात्यांचा. कामाच्या पट्ट्यात बहुधा हाच वापरला जातो, कारण तो हलका असतो, बॅरियरच्या माथ्यावर पटकन बसवता येतो आणि एखादे पाते मोडले तर तेवढेच बदलता येते. युरोपात ईएन १२६७६ हे मानक खास अशा पडद्यांसाठीच आहे. कायमस्वरूपी दुभाजकावर झुडपे लावूनही हे काम साधते, पण झुडूप वाढायला वर्षे लागतात आणि काम काही महिन्यांत आटोपते, त्यामुळे तात्पुरत्या रचनेत त्याचा उपयोग नाही.

पात्यांमध्ये फटी का ठेवतात? सगळे बंद करून टाकले तर अधिक चांगले नाही का?

फटी हा पात्यांच्या पडद्याचा दोष नसून त्याचा गुण आहे. समोरून येणारा दिवा रस्त्याच्या रेषेशी लहान कोन करतो तेव्हाच तो धोकादायक असतो, आणि हा कोन सुमारे २० अंशांच्या पुढे गेला की झगझगाट इतका कमी होतो की तो अडवण्याची गरज उरत नाही. म्हणून पडद्याने शून्य ते २० अंशांमधील प्रकाश अडवावा आणि त्यापुढचा मोकळा सोडावा, असा सर्वमान्य संकेत आहे. मोकळ्या सोडलेल्या भागातून पोलीस, रुग्णवाहिका किंवा देखरेख करणारे वाहन पलीकडे काय घडले आहे ते पाहू शकते, आणि वारा आरपार गेल्याने बॅरियरवरचा ताणही कमी होतो.

यामागचे गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचे आहे. पाती रस्त्याला काटकोनात उभी असतील तर पात्याची रुंदी भागिले दोन पात्यांमधील अंतर म्हणजे अडवल्या जाणाऱ्या कोनाचे टॅन्जंट गुणोत्तर होय. २० अंशांचे हे गुणोत्तर ०.३६४ आहे. म्हणजे दर ६० सेंटिमीटरला एक पाते लावायचे असल्यास पात्याची रुंदी सुमारे २२ सेंटिमीटर असावी लागते. अरुंद पाती मिळाली म्हणून अंतर तेच ठेवून ती बसवली, तर पडदा उभा राहतो, पण आपले काम करत नाही. दिवसा पाहणाऱ्याला हा फरक अजिबात कळत नाही, म्हणून टेप लावून मोजणे आवश्यक आहे.

वळणावरही हेच माप चालते का?

नाही. वळणावर दिव्याचा झोत सरळ जातो आणि रस्ता वळतो, त्यामुळे प्रकाश पडद्यावर अधिक मोठ्या कोनातून येतो. रूढ पद्धतीत २० अंशांमध्ये १,७४६ भागिले वळणाची मीटरमधील त्रिज्या एवढी भर घातली जाते. ५०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही भर साडेतीन अंशांची होते. म्हणजे २२ सेंटिमीटर रुंदीची पाती तिथे ६० ऐवजी सुमारे ५० सेंटिमीटरवर लावावी लागतात.

पडदा किती उंच असावा?

मोटारचालकाचा डोळा रस्त्यापासून साधारण १.०८ मीटरवर धरतात. मोटारीचे हेडलाइट त्याहून बरेच खाली असतात, पण मोठ्या वाहनांचे दिवे १.२ मीटरपर्यंत वर असू शकतात. समोरचा दिवा आणि आपला डोळा यांना जोडणारी रेषा या दोन उंचींच्या मधून जाते, म्हणून सपाट रस्त्यावर बॅरियर आणि पाती मिळून सव्वा मीटरच्या आसपास उंची पुरते. नेहमीचा काँक्रीट बॅरियर ०.८१ मीटरचा असतो. तो एकटा पुरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. ट्रकचालकाचा डोळा २.३ मीटरच्या आसपास असतो आणि तो पडद्यावरून पलीकडे पाहतो. त्याच्यासाठी पडदा तेवढा उंच करत नाहीत, कारण डिपरवरील दिव्याचा झोत मुळात खाली झुकलेला असतो आणि त्याच्या उंचीवर कमी प्रकाश पोहोचतो.

रस्ता खोलगट असेल तिथे मात्र हा हिशेब कोसळतो. उतार संपून चढ सुरू होतो अशा जागी दोन्ही वाहने उंचावर आणि मधला पडदा खाली असतो. उभ्या वक्राची, म्हणजे उतार-चढाच्या गोलाईची, त्रिज्या ३,००० मीटर आणि वाहनांमधील अंतर १२० मीटर असेल, तर मध्यावर रस्ता त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेपेक्षा ६० सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे सपाट भागात पुरेसा असलेला पडदा तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरतो. चढाच्या माथ्यावर याच्या नेमके उलट घडते आणि रस्ता स्वतःच आडोसा देतो. नकाशावर केवळ आडवी वळणे पाहून पडद्याची ऑर्डर देण्याची सवय इथे नडते.

पडदा कुठे लावू नये?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत कमी विचारला जातो, आणि तो सर्वांत आधी विचारला जायला हवा. पडदा प्रकाश अडवतो तसा तो नजरही अडवतो, आणि चालकाला थांबण्यासाठी जे दिसायला हवे तेच त्यामुळे झाकले गेले तर पडदा लावून नुकसानच होते.

पहिली जागा म्हणजे वळणाची आतली बाजू. ज्या दिशेच्या वाहतुकीला पडदा वळणाच्या आत पडतो, त्या चालकाची पुढची नजर पडद्याला छेदून जाते. ताशी ८० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी सुमारे १३० मीटर पुढचे दिसावे लागते. ५०० मीटर त्रिज्येच्या वळणावर एवढे दिसायचे तर वाहनाच्या मार्गापासून आत सुमारे ४.२ मीटर जागा मोकळी हवी. कामाच्या पट्ट्यात ती क्वचितच असते. वेग ६० वर आणला तर लागणारे अंतर ८५ मीटर आणि मोकळी जागा सुमारे १.८ मीटर होते, जी बहुधा मिळू शकते. म्हणजे अशा वळणावर दोनच प्रामाणिक पर्याय उरतात : वेग खरोखर कमी करून घेणे किंवा पडदा न लावणे. वेगमर्यादेचा फलक लावून मोकळे होणे हा तिसरा पर्याय नव्हे. पडदा नसताना पुढे थांबलेल्या वाहनाचे टप किंवा वरचे ब्रेकदिवे बॅरियरवरून दिसत असतात, पडद्याने तेही जातात. हा मुद्दा गणितात येत नाही, पण वाहनांची रांग लागते तेव्हा महत्त्वाचा ठरतो.

दुसरी जागा म्हणजे बॅरियरमधील तोडी : कामाच्या वाहनांचे प्रवेशद्वार, जोडरस्ता, पादचाऱ्यांना ओलांडण्याची जागा. पात्यांच्या आडून बाहेर पडणारा डंपर किंवा माणूस चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. अशा तोडीच्या आधी पडदा पुरेसा आधी थांबवावा किंवा पात्यांची उंची टप्प्याटप्प्याने कमी करावी. तिसरी जागा म्हणजे वाहतूक एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर वळवण्याचा तिरका भाग. तिथे पाती रस्त्याच्या नव्या दिशेला काटकोनात न बसवता जुन्याच रेषेत बसवली तर ती एका दिशेला सगळा प्रकाश सोडतात आणि दुसऱ्या दिशेला सगळी नजर बंद करतात.

पडद्यामुळे चालकाचे लक्ष विचलित होणे खरोखर कमी होते का?

होते, पण कशापासून कमी होते ते समजून घ्यावे. क्रेन, खोदकाम, वेल्डिंगच्या ठिणग्या, उलटलेले वाहन : माणूस पाहतोच. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर जाते, आणि तेवढ्यात पुढची रांग थांबलेली असू शकते. कामाच्या पट्ट्यात मागून धडकण्याचे अपघात सर्वाधिक दिसतात, यात नवल नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील शंभर मोटारींच्या निरीक्षण-अभ्यासात रस्त्यावरून नजर एकूण दोन सेकंदांहून अधिक काळ हटली की अपघात किंवा निसटता अपघात होण्याचा धोका निदान दुप्पट होतो, असे आढळले. एमयूटीसीडी या अमेरिकेच्या वाहतूक-चिन्हांच्या नियमावलीतही पडद्यांचा उपयोग दोन कारणांनी सांगितला आहे : समोरच्या दिव्यांचा झगझगाट घटतो आणि बघ्यांचे रेंगाळणे कमी होते. रस्ता जवळपास पूर्ण क्षमतेने वाहत असेल तेव्हा हे रेंगाळणेच मैलभर कोंडीला कारण होते.

मात्र या दोन कामांसाठी एकच पडदा नेहमी चालत नाही. झगझगाट अडवायला फटींची पाती पुरतात. बाजूचे काम झाकायचे असेल तर फटीच उपयोगाच्या नाहीत, कारण मान वळवून पाहणाऱ्याला त्यातून सगळे दिसते. तिथे कामाच्या बाजूला अपारदर्शक आडोसा लागतो.

मग बॅरियरवर जाड कापड किंवा ताडपत्री बांधली तर?

वारा विसरू नये. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३८० न्यूटन असतो. तीन मीटर लांब आणि दीड मीटर उंच ताडपत्रीवर त्याचा जोर निदान १७५ किलो वजनाइतका होतो, तोही बॅरियरच्या माथ्यावर. मोठा ट्रक लगतून गेल्याचा धक्का वेगळाच. सुटलेली ताडपत्री धावत्या वाहनाच्या काचेवर पडली तर काय होईल, ते सांगायला नको. पाण्याने भरलेल्या प्लास्टिक बॅरियरवर तर असा आडोसा उभारूच नये. कामाच्या हद्दीत मागे स्वतंत्र पाया असलेले कुंपण उभारून त्यावर आडोसा लावणे हाच योग्य मार्ग होय, आणि ते बॅरियरला धडक बसल्यावर तो मागे सरकतो त्या पट्ट्याच्या बाहेर असावे.

पाती कोणत्या पदार्थाची असावीत?

धडक बसल्यावर वाकतील पण भाल्यासारखी उडणार नाहीत अशा लवचिक प्लास्टिकची, आणि चमक नसलेल्या गडद रंगाची. पाती ज्या पट्टीवर बसवलेली असतात ती पट्टी दोन बॅरियरच्या सांध्यावरून पुढे नेऊ नये. एक बॅरियर जरी हलला तरी सांध्यावरची पट्टी तुटते, आणि अपघातानंतर बॅरियर बाजूला काढताना ती आडवी येते.

कामावरच्या दिव्यांचाही त्रास होतो, त्याचे काय?

आमच्या मते कामाच्या पट्ट्यातला सर्वांत टाळता येण्याजोगा झगझगाट हाच आहे. समोरच्या गाडीचा दिवा क्षणभर दिपवतो, पण चुकीच्या दिशेने वळवलेला लाइट टॉवर रात्रभर प्रत्येक चालकाला दिपवतो. तो बसवणाऱ्याने काम उजळले की नाही एवढेच पाहिलेले असते.

रात्रीच्या कामासाठी उजेडाच्या तीन पातळ्या रूढ आहेत (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) : सामान्य वावराला ५४ लक्स, यंत्रांच्या आसपास १०८ लक्स आणि बारीक कामाला २१६ लक्स. याहून अधिक उजेड केल्याने काम चांगले होते असे नाही, उलट उजेडातून पुढे अंधारात शिरणाऱ्या चालकाला काही क्षण काहीच दिसत नाही. दिव्याचा झोत सरळ खालच्या दिशेपासून ६० अंशांपेक्षा जास्त उचलू नये. मनोरा शक्य तितका उंच करून झोत खाली करावा. बुटका मनोरा आणि आडवा झोत ही जोडी टाळावी. पांढऱ्या फुग्यासारखे दिवे प्रकाश पसरवून देतात, त्यामुळे रहदारीला खेटून असलेल्या कामाला ते बरे पडतात. सगळे लावून झाले की देखरेख करणाऱ्याने मोटारीत बसून दोन्ही दिशांनी आणि प्रत्येक जोडरस्त्यावरून एकदा जाऊन यावे. जागा किंवा मनोरे बदलले की ही फेरी पुन्हा करावी. रोलर, पेव्हर आणि डंपर यांचे हेडलाइट रहदारीच्या दिशेने रोखलेले राहतात, हेही या फेरीतच लक्षात येते.

लुकलुकणारे पिवळे दिवे आणि बाणांचे फलक जितके जास्त तितके सुरक्षित, हे बरोबर आहे का?

नाही. दहा दिवे दहा वेगवेगळ्या तालांत लुकलुकू लागले की कोणता दिवा रस्ता दाखवतो आणि कोणता नुसता उभ्या ट्रकवर आहे, हे चालकाला कळत नाही. दिशाबाणाचा फलक मिनिटाला २५ ते ४० वेळा लुकलुकणारा असावा आणि रात्री त्याचे तेज निदान निम्म्याने कमी करता यावे, अशी अपेक्षा असते. तेज कमी करण्याची सोय असते, पण ती चालू केलेली नसते, हा नेहमीचा अनुभव आहे. बदलत्या संदेशाच्या फलकावर एक संदेश दोनपेक्षा अधिक टप्प्यांत मोडू नये. तिसऱ्या टप्प्यापर्यंत गाडी पुढे गेलेली असते, किंवा ती जाऊ नये म्हणून चालक वेग कमी करून मागच्याला संकटात टाकतो. ज्या वाहनाचे काम नाही त्याचे लुकलुकते दिवे बंद ठेवण्याने खर्च शून्य आणि लाभ मोठा.

दिवसा पात्यांमधून ऊन लुकलुकते, त्याने त्रास होतो का?

क्वचित. सूर्य बाजूला आणि क्षितिजाजवळ असेल तरच. ६० सेंटिमीटर अंतरावरील पाती ताशी ८० किलोमीटर वेगाने ओलांडली जातात तेव्हा सेकंदाला ३७ वेळा उघडझाप होते आणि ती डोळ्याला जवळजवळ सलग वाटते. कोंडीत २० किलोमीटर वेगाने जाताना मात्र ती सेकंदाला सुमारे ९ वेळा होते. बोगद्यातील दिव्यांच्या मांडणीत सेकंदाला ४ ते ११ वेळांची लुकलुक २० सेकंदांहून जास्त काळ टाळावी, असे मानतात, आणि हा वेग त्यातच येतो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ ऊन समोरून किंवा मागून येते, त्यामुळे हा त्रास मुख्यतः उत्तर-दक्षिण रस्त्यांचा आहे.

चालकाने स्वतः काय करावे?

कामाच्या पट्ट्यात शिरण्याआधीच अप्पर सोडून डिपरवर यावे, समोरच्याने डिपर दिला नाही म्हणून त्याला अप्परने उत्तर देऊ नये. समोरून दिवा आला की नजर आपल्या बाजूच्या कडेच्या रेषेकडे न्यावी. पुढची काच आतूनही पुसावी. आतल्या बाजूचा तेलकट थरही प्रकाश विखुरतो आणि तो दिवसा सहसा लक्षात येत नाही. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नयेत. जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात हेडलाइटच्या झगझगाटात पादचारी ओळखण्यासाठी अशा चष्म्यांचा फायदा दिसला नाही, आणि तर्कही तेच सांगतो : जो चष्मा समोरचा दिवा मंद करतो तो अंधारातला माणूसही मंद करतो.

एखाद-दुसरे पाते पडले तर घाई करण्याची गरज आहे का?

एक पाते गेले की तिथले अंतर १२० सेंटिमीटर होते आणि अडवला जाणारा कोन २० वरून सुमारे १० अंशांवर येतो. एवढे काही रात्री खपते. सलग तीन पाती गेली तर तो ५ अंशांवर येतो आणि प्रत्येक समोरचे वाहन त्या भगदाडातून कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे डोळ्यावर येते. अखंड अंधारापेक्षा असा अवचित झोत चालकाला अधिक दचकवतो. म्हणून सुटी पाती आणि पट्ट्या कामावरच साठवून ठेवाव्यात आणि सलग दोन पाती पडली की त्याच रात्री भरावीत.

प्रत्येक कामावर पडदा लागतोच का?

नाही. एका रात्रीचे काम, कमी वेगाचा रस्ता, चांगले पथदिवे असलेला भाग किंवा दोन दिशांमध्ये रुंद अंतर असेल तर तो पैसा चांगल्या खुणा आणि स्वच्छ परावर्तक पट्ट्यांवर खर्च करावा. दोन्ही दिशांची वाहतूक अंधाऱ्या महामार्गाच्या एकाच बाजूवरून आठवडेच्या आठवडे जाणार असेल, तर मात्र पडद्याचा विचार आराखड्यातच करावा. बॅरियर बसल्यानंतर त्यावर पात्यांच्या पट्ट्या बसवायच्या तर चालू रहदारीत पुन्हा मार्गिका बंद करावी लागते, आणि वाहतूक मूळच्या दोन बाजूंवर परत जाईपर्यंत त्या काढता येत नाहीत.